कोटाखालची गाणी

लीड्समध्ये गाणंबजावणं असलेल्या घरी जाताना गाण्याची छापील पानं सोबत न्यायची, पण दारातच कोटाखाली ठेवायची, हा रिवाजच होता. घरच्या बाईंनी आग्रह केला की "छे, गळा बसलाय" म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला नाइलाज झाल्यासारखं पियानोपाशी जायचं. टोप्या शिवून पोट भरणाऱ्या ड्रूसिला पुलनचं अर्धं आयुष्य असंच आढेवेढे घेत, गात गेलं होतं.

नव्या शेजारीण मिसेस ट्रेगियर मात्र खेड्यातून आलेल्या. त्यांच्या घरी गाण्याच्या संध्याकाळी ड्रूसिला गेली, तेव्हा त्यांनी विचारलं,

"गाता ना, मिस पुलन?"

"छे हो, गळा बसलाय."

"अगं बाई! मग बोलूसुद्धा नका!" म्हणत त्यांनी तिच्या हातात मध घातलेलं गरम दूध ठेवलं. पुन्हा विचारलंच नाही.

ड्रूसिलाला काही कळेना. आपलं चुकलं कुठे? आता आपणहून उठावं तर लोक काय म्हणतील? तिकडे कुणीही उठून बेसूर गात होतं आणि ही मेली दूध पीत बसलेली!

निघताना मिसेस ट्रेगियरनी तिचा कोट उचलला, तशी खालची पानं घसरून पडली.

"अय्या, ही गाणी तुमची का हो?"

"माझी नाहीत!" ड्रूसिला म्हणाली, आणि तेही अशा खणखणीत आवाजात, की आतलं गाणं थांबलं.