हिर्डोशीत मी बाळाचं वजन मोठ्यानं बोलले

वरंधा घाट बघायचं कधीचं मनात होतं, आणि हिर्डोशीला माझी भाची सुमन असते. शनिवारी सकाळी स्वारगेटहून भोरची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, म्हणून या वयातही फिरायची हौस भागते. भोरला पोटभर मिसळ खा आणि हिर्डोशीच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारूनच घ्या. गाड्या मोजक्याच. बाकी धरणाचं पाणी बघता बघता रस्ता कधी सरतो कळत नाही.

सुमन आठ वर्षं एका संस्थेतर्फे वस्त्यांवर फिरून बाळांची वजनं करायची. परदेशातली मदत थांबली, संस्थेनं गाशा गुंडाळला, सुमनची स्कूटरही परत नेली. सोमवारपासून ती सारोळ्याच्या एका कारखान्यात लागणार होती. शेवटची फेरी आहे, येतेस का, म्हणाली. गेले.

तासभर चढ चढून वरच्या वस्तीवर रंजना नावाच्या एका बाळंतिणीच्या घरी पोचलो. सुमननं आढ्याला काटा अडकवला, झोळीत सात महिन्यांचं बाळ ठेवलं. मी चष्मा सावरत वाकले आणि बोलून गेले, "अगं बाई, साडेचारच किलो?"

रंजना बाळ उचलून आत गेली. तिची सासू माझ्यावर उखडली. "आकडा कुनी मोठ्यानं बोलतं व्हय? दिष्ट लागती लेकराला."

इथं सुमन वजन आईच्या तळहातावर पेनानं लिहिते, हे मला मागाहून कळलं. लाजेनं मान वर होईना. सासूबाईंनी मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, आणि मग मलाच गरम नाचणीची भाकरी वाढली.

सुमन उंबऱ्यावर बसून समजावत होती, बाळाला भोरच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. आतून रंजना म्हणाली, "तुमी परवा जानार, ताई. तितं मला कोन हाय? डाक्टर काय बोलतो ते कळत न्हाई मला."

"मी राहते तुज्यापाशी."

सोमवारचं काय, असं मी हळूच विचारलं. सुमन काटा पुसत बसली.

रविवारी पहिल्या गाडीनं रंजना आणि बाळाला घेऊन आम्ही भोरला उतरलो. डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतलं. मी तिथूनच पुण्याला परतले, घाट राहिला. तुम्ही जाणार असाल तर घाटरस्ता चालू आहे का, आधी चौकशी करा.

गुरुवारी सुमनचा फोन आला. बाळ अंगावर नीट पितंय. सारोळ्याची जागा मात्र दुसरीला दिली. मी काही बोलणार, तोच म्हणाली, "ठेवते मावशी, डॉक्टर आलेत. रंजना हाक मारतीय."