दोन बोटं वर

दिनकररावांच्या अक्षराची गल्लीत ख्याती होती. कुणाकडं बारसं असो की लग्न, पाकिटांवर नावं घालायला त्यांनाच बोलावणं यायचं. नोकरीसुद्धा त्यांना अक्षरावरच लागली. परभणीतल्या एका सरकारी कचेरीत तलावांचे नकाशे निघत, तिथं ते ट्रेसर होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेलं शाईनं उतरवून द्यायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं आणि देवपूजा करावी तसं केलं.

त्या नकाशांवर कंटूरच्या रेषा असत. जमिनीवरच्या एकाच उंचीच्या जागा जोडत गेलं की एक रेषा होते. अशा रेषांवरून चढ कुठं, उतार कुठं, तलाव भरला तर पाणी कुठवर येणार, हे बसल्या जागी कळतं. प्रत्येक रेषेवर उंचीचा आकडा असतो आणि आकड्याचं डोकं नेहमी चढाकडं ठेवायचं. "आकडा बी माणसासारखा उभा असावा," दिनकरराव म्हणत, "खाली डोकं वर पाय नको." दुसरा एक नेम त्यांचा स्वतःचा होता आणि तो ते सोवळ्यासारखा पाळत. गावाच्या नावावरून रेषा जाऊ द्यायची नाही. नावावरून रेघ गेली म्हणजे नाव खोडल्यासारखं होतं, असं त्यांना वाटे. नाव रेषेत अडकायला लागलं की ते उचलून शेजारच्या मोकळ्या जागेत मांडायचं आणि गावाच्या खऱ्या जागी ठिपका द्यायचा.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीला पडदे लागले, थंड हवेचं यंत्र बसलं, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे चपला बाहेर काढून आत जाऊ लागले. साहेबांनी नारळ फोडला. कुणीतरी मशीनच्या काचेलाच कुंकू लावलं, ते गीताबाईंनी पदरानं पुसलं. गीताबाई बारा वर्षं टायपिस्ट होत्या. तीन आठवडे पुण्याला शिकून आल्या म्हणून मशीन त्यांच्या हवाली झालं.

पहिला नकाशा होता बोरखडीच्या तलावाचा. पेडगावच्या पुढं आडबाजूला बोरखडी, तिथल्या ओढ्यावर मातीचा बांध पडायचा होता. मोजणीवाल्यांनी आणलेल्या उंच्या मशीनमध्ये घातल्या आणि मशीननं आपणहून कंटूर काढले. कागद बाहेर आला तो साहेबांनी उलटासुलटा करून पाहिला.

"गीताबाई, ह्या शेवया कुणी वळल्या?"

"मशीननं, साहेब. मी निस्तं बटन दाबलं."

रेषांवर रेषा चढल्या होत्या. आकडे एकमेकांच्या अंगावर पडले होते, निम्मे उलटे होते. मोजणीची जागा न् जागा, वस्ती न् वस्ती ठिपक्यानं दाखवल्यामुळं कागदावर मोहरी सांडल्यासारखी दिसत होती. साहेबांनी दिनकररावांना हाक मारली. "तुम्ही बसा बाईंच्या शेजारी. तुमच्या हातच्यासारखा दिसला पाहिजे. हा वर जायचाय."

दिनकरराव चपला काढून आत गेले. मशीन आल्यापासून त्यांच्या टेबलावर काम उरलं नव्हतं, त्यामुळं बोलावणं आलं याचंच त्यांना बरं वाटलं.

"ह्या रेषा किती किती उंचीवर टाकायलंय हे?"

"अर्ध्या अर्ध्या मीटरवर."

"म्हणून गर्दी. दोन मीटर सांगा. अन् पाणी भरेल ती चारशे सतराची रेषा तेवढी वेगळी काढा, चांगली जाड."

गीताबाईंनी सांगितलं. कागदावर श्वास घेण्याइतकी जागा झाली.

"आता त्याला विचारा, आकड्याचं डोकं चढाकडं ठेवंल का?"

गीताबाईंनी पुस्तकाची पानं उलटली, दोन-तीन ठिकाणी बदल केले. "विचारलं. ठेवतो म्हणायलंय. तुमच्यापेक्षा गरीब हाय बिचारं, उलटून बोलत न्हाई."

"आकडा बसंल तिथं रेषा तुटू द्या. अन् ही मोहरी झाडून टाका."

"सगळे ठिपके?"

"सगळे."

राहिली नावं. बोरखडीच्या खालच्या अंगाला बौद्धांची बावीस घरं होती. जुन्या नकाशावर ती वस्ती जातीच्या नावानं लिहिलेली होती. तीन अक्षरी नाव होतं, कुठंही मावलं असतं. पण महिन्याभरापूर्वी तिथला रंगनाथ अर्ज घेऊन आला होता. शाळेत शिपाई असलेला, तिशीतला माणूस. "आमी पाटी लावलीय साहेब, मिलिंदनगर. गावात कुणी म्हणत न्हाई ते न्हाई, सरकारनं तरी म्हणावं." विद्यापीठाच्या नावावरून चौदा-पंधरा वर्षं मराठवाड्यात काय काय जळालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब कपाळाला आठी घालून म्हणाले, "ते भांडण इथं नको. दिनकरराव, लिहा काय लिहायचं ते." दिनकरराव काही चळवळीतले नव्हते. माणसं स्वतःला जे म्हणवतात ते लिहावं, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी मिलिंदनगर लिहायला सांगितलं.

नाव लांब झालं. जाड रेषा बरोबर मधल्या अक्षरांवरून गेली.

"हे वर घ्या," दिनकरराव म्हणाले.

"किती?"

त्यांनी काचेवर बोटं ठेवून दाखवलं. "दोन बोटं. तिथं माळ हाय, मोकळं हाय."

नाव दोन बोटं वर गेलं. हातानं काढलं असतं तर त्यांनी सवयीनं खाली ठिपका दिला असता. पण हात मांडीवर होते, आणि ठिपके तर मघाशीच झाडून टाकले होते. नकाशा निघाला, सुंदर निघाला. साहेबांनी पाठ थोपटली. खाली तीन सह्या झाल्या, सगळ्यात खालची दिनकररावांची.

संक्रांतीच्या सुमारास रंगनाथ आईला घेऊन आला. कडूबाईंनी टोपलीत हुरडा आणला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून रंगनाथनं त्यांचं बोट धरून नकाशातल्या नावावर ठेवलं. त्यांनी ते बोट कपाळाला लावलं. "माझ्या सासऱ्यानं ह्याच कचेरीत हेलपाटे घातले असतील, बाबा. तवा कुणी आत घेत नव्हतं." दिनकररावांनी हुरडा घरी नेला. कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आधी देवापुढं ठेवला आणि मग वाटला.

उन्हाळ्यात बुडणाऱ्या घरांची यादी लागली. गावातल्या खालच्या आळीतली चौदा घरं यादीत होती, त्यांना वर नव्या गावठाणात जागा मिळणार होत्या. मिलिंदनगरचं एकही घर नव्हतं.

रंगनाथ यादी वाटणाऱ्या कचेरीतून थेट इकडं आला. "काका, ते म्हणतेत तुमचं नाव रेषेच्या वर हाय, तुमच्याकडं पानी येतच न्हाई. बोट ठिवून दाखवलं मला. आमी तर आळीच्या बी खाली राहातो!"

दिनकरराव उठले, चपला काढल्या. मग ते गीताबाईंकडं गेले. "बाई, ते ठिपके परत आणा."

ठिपके आले. मिलिंदनगरचा ठिपका जाड रेषेच्या आत, पाण्यात होता. नाव वर, उघड्या माळावर एकटंच होतं. रंगनाथ पडद्यामागं दारात उभा होता, तो म्हणाला, "दिसलं का?" दिनकरराव म्हणाले, "बघतो मी."

साहेबांनी ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. "नाव वर कुणी नेलं?"

"मी, साहेब."

"मग तसं लिहून द्या. माझ्या चुकीमुळं झालं म्हणून. मी पुढं पाठवतो. चौकशी लागेल. तुम्हाला किती महिने राहिलेत?"

"फेब्रुवारीअखेर."

"चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी नाही म्हणत नाही. तुम्ही ठरवा."

दिनकररावांनी त्याच दिवशी कागद लिहिला. काय अक्षर होतं! कमलबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "उद्या देऊन टाका. देवाला काय लपलंय?" दिनकरराव हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागद खिशात गेला आणि खिशातच परत आला. असं पंधरा दिवस चाललं. मग तो देवघराखालच्या खणात गेला, पंचांगाच्या पोटात. कमलबाई रोज तोच खण उघडून वाती काढत. आधी काही दिवस त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत, पुढं तेही सोडलं. रंगनाथ आला की दिनकरराव सांगत, "वर बोललोय." रंगनाथ मोठ्या विश्वासानं जाई. तिकडं बांधाची माती पडत राहिली.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंगनाथ शिवाजी चौकात भेटला. कपाळाला गुलाल, हातात पेढ्याचा पुडा.

"काका, तोंड उघडा! एक झालं. आता आमच्या यादीचं तेवढं."

दिनकररावांनी तोंड उघडलं.

फेब्रुवारीअखेर कचेरीनं त्यांना शाल दिली. पेन्शनचे कागद मार्चात आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी खणातला कागद काढला, तारीख बदलून पुन्हा लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला.

साहेब हसले नाहीत, एवढी त्यांची माणुसकी. "दिनकरराव, आता तुम्ही कर्मचारी नाही. बाहेरच्या माणसाचा अर्ज म्हणून घेतो. तिकडं शिक्का मारून घ्या."

शिक्का बसला. उत्तर आलं नाही.

त्या पावसाळ्यात बोरखडीचा तलाव पहिल्यांदा भरला. पाणी बरोबर चारशे सतराला येऊन थांबलं. मशीनची रेषा तसूभर चुकली नव्हती. बावीस घरांच्या भिंती मातीच्या होत्या, त्या एका आठवड्यात बसल्या. माणसं पत्रे, भांडी, शेरडं घेऊन वर माळावर गेली. दुसरीकडं जायला जागाच नव्हती. पोळ्यानंतर त्यांना नोटीस आली की गायरानावर अतिक्रमण केलं आहे, पंधरा दिवसांत हटवा.

गीताबाईंनी ही बातमी दिनकररावांच्या घरी येऊन सांगितली. कमलबाईंनी ऐकलं आणि उठून लुगडं बदललं. "चला," त्या म्हणाल्या. "मी येते संगं. नाही गेलात तर उद्यापासून देवाला तुमच्या हातचं फूल वाहणार नाही मी."

एसटीनं फाट्यावर उतरून दोघं चालत गेले. माळावर पत्र्याची खोपटं होती. मिलिंदनगरची पाटी दोन दगडांत रोवून उभी केली होती. रंगनाथ नोटीस घेऊन पुढं आला. "बरं झालं आले, काका. तुमचं अक्षर चांगलं हाय. कलेक्टरला अर्ज लिवून द्या."

डब्याच्या झाकणावर कागद ठेवून दिनकररावांनी लिहिलं. रंगनाथ खांद्यावरून वाचत होता. एका ओळीवर तो थांबला.

"'नकाशात नजरचुकीने वस्तीचे नाव वर दर्शविले गेले.' कुणाच्या नजरचुकीनं, काका?"

कमलबाई नवऱ्याकडं बघत होत्या.

"माझ्या," ते म्हणाले. "मी वर नेलं. रेषा नावावरून जात होती म्हणून."

रंगनाथला आधी समजलंच नाही. कडूबाईंना समजलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"गेल्या सालच्या उन्हाळ्यात. यादी लागली तेव्हा."

"म्हंजे बांध व्हायच्या आधी." कडूबाईंनी बोटांवर महिने मोजले. "अन् कागुद कवा दिला?"

"मार्चात."

"पेन्शन कवा सुरू झाली?"

दिनकररावांनी पेनाला टोपण लावलं. रंगनाथनं त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि त्यांच्यापुढं परत धरला. "लिवा. तुमचं नाव लिवा तिथं." दिनकररावांनी ओळ खोडली आणि वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. रंगनाथनं वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. पुन्हा काका म्हणाला नाही.

कडूबाई उठल्या. कळशीतून दोन पेले भरून आणले आणि एक कमलबाईंच्या हातात दिला. "पानी पिऊन जावा, वैनी. पान्याला आता काय तोटा न्हाई आमाला."

कमलबाईंनी पेला तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायल्या. दुसरा पेला कडूबाईंनी दिनकररावांच्या पुढ्यात, झाकणावर ठेवला, आणि त्या चुलीकडं वळल्या.