उरलेल्या जेवणाचं आमंत्रण

लाज वाटते, पण चहा हातात आहे तोवर ऐका. आमंत्रण द्यायला विसरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आमंत्रण द्यायचं नाही असं ठरवून, तेच विसरणारा माणूस पाहिलाय का? तो मी.

लेकीचं लग्न, परभणीतलं मंगल कार्यालय, जेवायला बुफे. पाहुण्यांनी ताटं भरभरून घेतली, निम्मं टाकलं, तरी दुपारी वरण, भात, बुंदीची पातेली भरलेलीच. केटरर म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत आंबून जाईल हे."

मला एकदम समाजसेवेचा झटका आला. फोन लावला खिल्लारे सरांना. आम्ही एकाच शाळेवर. पोखर्णीला मी रोज त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसून जातो.

"सर, लय जेवण उरलंय. तुमच्या वस्तीत वाटून टाका की."

तिकडून सरांनी विचारलं, "तुमच्या घरी लग्न होतं का सर?"

तेव्हा कुठे आठवलं. खिल्लारे कुठल्या समाजाचे, हे माझ्या भावकीला ठाऊक. बुफेत शेजारी कोण उभं आहे, हेसुद्धा आमच्याकडे बघतात हो. कुरबुर नको म्हणून मीच पत्रिका दिली नव्हती, आणि शाळेत गावाकडं काम आहे सांगून रजा टाकली होती.

"पत्रिका पोचली न्हाई का?" मी रेटून विचारलं.

"रोज माझ्या मागं बसता सर. कुणाच्या हाती पाठवली होती?"

"गडबडीत राहिलं बघा. आता या ना, वहिनींना घेऊन या. जेवण लय हाय."

"ते तुमी आधीच सांगितलं."

आणि माणूस खरंच आला हो. इस्त्रीचा शर्ट, सोबत वहिनी, लेकीला साडी. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात केटरर लांबून ओरडला, "सर, ते उरलेलं न्यायला येणार होते, ते हेच का?"

मी नाही म्हणेपर्यंत खिल्लारे सरच बोलले, "होय, आमीच. कुठं हायत पातेले?"

त्यांनी रिक्षा बोलावली, पातेली चढवली. जेवून जा म्हणालो, तर वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माफी मागायची तेवढी एकच वेळ उरली होती. फेटा सावरत धावलो, रिक्षा थांबवली, हात जोडले. आणि तोंडातून काय निघावं?

"सर, पातेली तेवढी धुऊन पाठवा."