झोळीखालचे निखारे

ईशान, मैत्री — आता जे लिहिते आहे, ते मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. ते अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या उशाशी मी महिनोन्‌महिने बसून होते, तेव्हाही नाही. तुमच्या बाबाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे — तुम्ही हे विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं, की हॅमॉकमध्ये झोपल्यावर पाठ इतकी गार का पडते आणि फार पैसे न घालता त्यावर काय करावं.

त्याचं उत्तर आधी देते. मला कामं क्रमाने केलेली बरी वाटतात. — आणि कदाचित थोडा उशीरही करायचा असेल.

आम्ही त्याला झोळी म्हणायचो. झोळीत थंडी वरून येत नाही, खालून येते. तुम्ही कितीही जाड स्लीपिंग बॅग घ्या, तुमच्याच वजनाने ती पाठीखाली चेपते, आणि चेपलेल्या कापसात ऊब राहत नाही. खालून वारा तर वाहतच असतो. म्हणून एक पांघरूण झोळीच्या आत नाही, झोळीच्या खाली बांधायचं. सैल, पाठीला जेमतेम टेकेल असं. दुकानातलं महागडं नको, जुनी रजई दोन्ही टोकांना दोरी लावून बांधली तरी पुरते. झोपण्याआधी काहीतरी गरम खा. मोजे कोरडे घाला. गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून जवळ घ्या. आणि झोळीखाली आग — कितीही गार वाटलं तरी — ठेवू नका.

हे शेवटचं मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा, मैत्री, तू हसलीस. "आजी, डोन्ट वरी! सुधीरकाका थोडेच येणारेत आमच्याबरोबर!"

सुधीर तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता. कळमन्याच्या बाजारात मिरचीची गाडी उतरवून घरी आला होता, वर्षातून एखाद्या वेळी येतो तसा. तुम्हाला तो दिसत नव्हता. मग त्यानेच वाकून फोनमध्ये तोंड दाखवलं. "बरोबर आहे बेटा," तो म्हणाला, "मले दूरच ठेवा. लय डेंजर मानूस आहे मी." तुम्ही दोघं ओशाळलात. तो हसला, म्हणून तुम्ही हसलात. मीही हसले. आणि चहा अर्धा टाकून तो उठला, म्हणाला, "चालतो आई, गाडी थांबली आहे."

गाडी थांबलेली नव्हती. तो कोपऱ्यापर्यंत पायी गेला, हे मी गॅलरीतून पाहिलं.

तुमच्या बाबाच्या पाठीवर तो मोठा चकचकीत, आक्रसलेला डाग आहे. तुम्ही लहानपणी त्याबद्दल विचारलंत तेव्हा त्याने सांगितलं, "दादाने माझ्या झोळीखाली आग ठेवली होती." त्याच्या मनात राग नाही. तो खोटंही बोलत नाही. तो झोपेत होता, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगतो. पण त्याला ते कोणी सांगितलं?

थांबा. जागा आधी सांगते.

मी आत्ता जिथे बसले आहे ते बेसा तेव्हा शहराबाहेरचं नुसतं शेत होतं. आम्ही हा प्लॉट घेतला, घराचा पाया घातला, आणि हातात काही उरलं नाही. विटा आणि लोखंड उघड्यावर पडलेलं, राखणदार परवडेना. म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्हीच इथे राहायला आलो. काळ्या मातीत विंचू फार, जमिनीवर झोपायची सोय नाही. आजोबांनी जुन्या बाजारातून पॅराशूटचं नायलॉनचं कापड आणलं आणि कडुनिंबांना झोळ्या बांधल्या. हलकं कापड, धुतलं की लगेच वाळणारं. मला फारच पसंत पडलं. त्यांच्याखाली बांधायला मी पोत्यांत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून गाद्या शिवल्या. मुलांना ती सहलच वाटत होती. सुधीर सहावीत होता, तुमचा बाबा — मिलिंद — नुकताच शाळेत जायला लागला होता.

नियम माझे होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, घरातही माझंच चाले. जादा दोर गुंडाळून खुंटीला. भांडी उपडी. चूल झोळ्यांपासून लांब, आणि त्या बाजूला विस्तव न्यायचा नाही. हा शेवटचा नियम सुधीरसाठी होता. त्याला आगीचं वेड होतं. दिवाळीनंतर त्याने बांधावरचं गवत पेटवून माझा मार खाल्ला होता. घरात काहीही जळालं, करपलं, की पहिलं नाव त्याचं. हे सगळ्यांना माहीत होतं — मला तर सगळ्यांत जास्त.

त्या सकाळी धुकं होतं. मिलिंदच्या झोळीखालच्या पोत्याची दोरी सैल झाली होती, पोतं गवतावर टेकून दवाने चिंब झालं होतं. मी ते सोडून टाकलं. आता त्याच्या पाठीखाली फक्त ते पातळ कापड राहिलं. तो आठवडाभर खोकत होता. अंगाचं मुटकुळं करून झोपला होता, आणि झोळी त्याच्या थरथरीने हलत होती. आजोबा पलीकडच्या विहिरीवर पाण्याला गेले होते. सुधीर चुलीसाठी पऱ्हाटी, कापसाच्या वाळक्या काड्या, आणायला शेजारच्या वावरात. चुलीत रात्रीचे निखारे होते.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवतात. सुधीरच्या वेळी माझ्या आईने ठेवले होते, मिलिंदच्याही. पाठीला येणारी ती ऊब मला आठवली. बाज लाकडी असते, उंच असते, खाली लोंबत नाही — हे मला आठवलं नाही. की आठवलं आणि मी बाजूला सारलं? मी घमेल्यात निखारे भरले, मिलिंदच्या झोळीखाली सरकवले, आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

मी. सुधीर नाही.

नायलॉन कापडासारखं जळत नाही. ते वितळतं आणि चिकटतं. मिलिंदची किंकाळी ऐकून मी वळले तेव्हा झोळी मधोमध फाटून तो घमेल्यावर पडला होता. मी जागची हलले नाही. हातात साखरेचा डबा होता, तो मी धरून उभी राहिले. पऱ्हाटी फेकून सुधीर धावत आला, आणि त्यानेच भावाला त्या पेटत्या चिंध्यांतून ओढून बाहेर काढलं.

तेवढ्यात आजोबा आले, त्यांच्यामागे शेजारच्या वावरातली पार्बताबाई. आजोबांनी मिलिंदवर ओलं पोतं टाकलं, घमेलं लाथेने उडवलं आणि ओरडले, "हे कोनं ठेवलं? बोला ना! कोनं ठेवलं हे?"

मी खुंटीवरचा दोर काढला आणि सुधीरला मारलं.

मी एक शब्दही खोटा बोलले नाही, हे मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगत राहिले. खरं आहे. मी बोललेच नाही. पहिला फटका त्याच्या मानेवर बसला. तो म्हणाला, "आई, मी नाही." दुसरा तोंडावर. ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. "आई, मी नव्हतो इथे." मी मारत राहिले. तो खाली पडला तर पाठीवर, पायांवर. पार्बताबाई मध्ये आली, "सोड वं बाई! मारून टाकतं काय लेकराले?" मी तिला ढकललं, ती विटांवर पडली. कुठून आलं ते बळ माझ्यात? तेव्हा वाटलं, हा राग आहे. भीती होती ती. तो आणखी एक वाक्य बोलला तर सगळं उघडं पडेल. त्याचं तोंड बंद व्हायला हवं होतं.

आणि ते झालं. केव्हातरी त्याने "मी नाही" म्हणणं थांबवलं. आजोबांना वाटलं, कबूल झाला.

त्यांनी स्कूटर काढली. "चल, बस लवकर!" ते मला ओरडून सांगत होते. माझा मुलगा त्यांच्या हातांत होता, त्याची पाठ — नको. मी गेले नाही. दोर हातात घेऊन मी सुधीरच्या अंगावर उभी होते. शेवटी पार्बताबाईच लंगडत आली आणि मिलिंदला मांडीवर घेऊन मागे बसली.

त्या सुट्टीनंतर सुधीरला भिवापूरला आत्याकडे शाळेत घातलं. धाकट्याच्या जिवाला धोका नको — हे आजोबा म्हणाले. मी त्याचे कपडे घड्या घालून भरले. मिलिंद इंजिनियर झाला, तिकडे परदेशात गेला, तुम्ही झालात. सुधीर तिथेच राहिला, तिथलीच बोली बोलू लागला, मिरचीच्या व्यापारात पडला. तुम्हाला तो काका म्हणजे एक गंमत म्हणून माहीत आहे. ती गंमत मी जपली. आजोबांच्या तेराव्याला तो मागे, दारापाशी बसला होता. कोणीतरी म्हणालं, "दिवा मोठ्या लेकानं लावावा." दुसरं कोणी म्हणालं, "याच्या हाती काडी नका देऊ," आणि लोक हसले. मी तिथेच होते. काडी मी मिलिंदच्या हाती दिली.

हे पान मी मिलिंदलाही पाठवते आहे, सुधीरलाही.

इतकंच असतं तर मी इथे थांबले असते. चारचौघांसमोर घाबरले आणि मारलं, असं तरी म्हणता आलं असतं. पण स्कूटर गेल्यावर तिथे आम्ही दोघंच होतो. धुक्यात तिचा आवाजही येईनासा झाला. आता कोणाला काही दाखवायचं नव्हतं. सुधीर उठला, माझ्यापाशी आला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "आई, हात बघ." तळव्यांची कातडी सुटली होती. काळं नायलॉन मांसात रुतून घट्ट झालं होतं. घमेलं कोणी ठेवलं हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही तो माझ्याकडेच आला होता. दुसरं होतं कोण?

मी ते हात नीट पाहिले. मग दोर उचलला आणि त्यांच्यावर मारलं.

संध्याकाळी आजोबा दवाखान्यातून आले. त्यांनी विचारलं, याचे हात कसे भाजले? मी पोळी लाटत होते. मी म्हणाले, आगीशी खेळल्यावर दुसरं काय होणार. सुधीर समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मांडीखाली लपवले.