यूलाचा पाय

यूला गिटन्सला शुगर निघाली तेव्हा बार्बाडोसच्या त्या किनाऱ्यावर कोणालाही नवल वाटलं नाही. साठी ओलांडूनही शुगर नसेल तर तिथले लोक त्या माणसाकडे संशयाने बघतात. यूला दर शनिवारी खोबऱ्याचे गोड पाव भाजून विकायची आणि पहिल्या पावाची जाड कड स्वतः खायची. चहात डब्यातलं घट्ट गोड दूध, जेवणासोबत लाल सरबत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोड बंद करायला सांगितलं.

यूलाचं शास्त्र वेगळं होतं. कुंपणावर रानकारल्याचा वेल होता. त्याच्या पाल्याचा काढा सकाळी घशाखाली उतरवला की दिवसभराचं गोड माफ. हे शास्त्र अख्ख्या बेटाचं होतं, त्यामुळे त्याला खुळचटपणा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"गोळी घेतलीस का?" मुलगी शर्नेल विचारायची.

"काढा घेतलाय. तुझी गोळी कडूसुद्धा लागत नाही, ती काय दिवे लावणार?"

पायांना मुंग्या यायच्या, त्या थांबल्या. काढा लागू पडला म्हणून यूला खूश. खरं तर पाय बधिर झाले होते.

तिथली म्हातारी माणसं सकाळी समुद्रात उतरतात आणि छातीभर पाण्यात उभं राहून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. यूलाही जायची. एकदा ती घरी आली आणि तिच्यामागे दारापासून चुलीपर्यंत रक्ताचे ठसे उमटले. खडकातल्या काटेरी प्राण्याचा काळा काटा तळव्यात रुतला होता, आणि ती तशीच चालत आली होती.

"आई, दुखलं नाही तुला?"

"नाही गं."

शर्नेलचा चेहरा पडला. "चल दवाखान्यात."

"काट्यासाठी दवाखाना? तिथे गेलं की पाय ठेवून घेतात. तुझ्या ग्वेनमावशीचा पाय कापला, बघितलंस ना? मला दोन पायांवरच मरायचंय. खाऱ्या पाण्याने सगळं भरून येतं."

ती समुद्रात जास्तच वेळ बसू लागली. पुढे स्वयंपाकघरात वास यायला लागला. खोबरं खवट झालं असेल म्हणून तिने डबा रिकामा केला. वास गेला नाही. शर्नेलने पायाची पट्टी सोडली आणि नाकातोंडावर हात धरला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता उशीर कोणी केला, हे यूलाला विचारण्यात अर्थ नव्हता. ते ती स्वतःलाच विचारत होती.

सकाळी तिच्याबरोबर समुद्रात उतरणारा डार्नले दवाखान्यात भेटायला आला. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून गोड पाव घेऊन आला, आणि तो लंगडत होता.

"काय झालं रे पायाला?"

"अंगठ्याला जखम झालीय. होईल बरी."

"तुलाही शुगर आहे ना? डॉक्टर इथेच आहेत, आत्ता दाखव."

"आणि तुझ्यासारखा पाय इथे ठेवून जाऊ?"

यूलाने चादर बाजूला केली. "बघ नीट. दवाखान्याने नाही केलं हे. मी गोड सोडलं नाही आणि इथे वेळेवर आले नाही. समुद्राने काही बरं होत नाही रे."

डार्नलेने बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू काठाशी उभी राहायचीस, यूला. तिथलं पाणी मेलेलं असतं. मी आत खोलवर जातो."

पाव उशाशी ठेवून तो निघाला. यूलाने दोन हाका मारल्या. तो थांबेना, तेव्हा त्याला अडवायला ती घाईने पलंगावरून उतरली आणि नसलेला पायच आधी जमिनीवर टाकला.