वसंताने ओढून पाहिलेला डोळा

वसंता गेल्याचं सांगायला माझा धाकटा भाऊ रघू शाळेत आला, तेव्हा मी पाढे घेत होतो. "आपला डॉक्टर गेला," म्हणाला आणि पोरांसमोरच रडायला लागला... मला रडू आलं नाही. पंधरवडा उलटला, अजून आलेलं नाही. वसंता माझा बालमित्र, चौलातला डोळ्यांचा डॉक्टर, आणि मेल्यावरही माझा त्याच्यावरचा राग उतरत नाही.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. रघू सुपारी उतरवायला पोफळीवर चढला की शेंड्यावरूनच झोका घेऊन पुढची पोफळ धरायचा, बाग संपेपर्यंत खाली यायचा नाही. अशाच एका झोक्यात पुढचा बुंधा त्याच्या डोळ्याखाली बसला. सूज उतरली, पण डोळा वर फिरेना. वर पाहिलं की एका पोफळीच्या दोन दिसायच्या. त्यातली खोटी धरली की माणूस संपला.

वसंताने डोळा बधिर करून बारीक चिमट्याने त्याचं पांढरं धरलं. विजेरी माझ्या हातात होती. दार उघडत नसेल तर ढकलून बघायचं, तो मला समजावत होता. उघडलं तर ढकलणाराच अशक्त, म्हणजे नस दुखावलेली. ती सावकाश सुधारते. नाही उघडलं तर आत काहीतरी अडकलंय, लगेच कापायला हवं. त्याने डोळा वर ओढला, जरा थांबला... "फिरतोय. नसच आहे. सहा महिने थांबा."

सहा महिने थांबून मी रघूला रेवसहून लाँचने मुंबईला नेलं. तिथल्या सर्जनने तसाच चिमटा लावला. डोळा हलला नाही. खालचं हाड तडकून मांस फटीत अडकलं होतं, आता चिकटून बसलं होतं. पहिल्या पंधरवड्यात का आणलं नाही, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. रघूला मी सांगितलं, नसेला वेळ लागतो म्हणतायत.

वसंता चुकला असेल, असंच मला वाटत होतं. चौलाला परतल्यावर मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने मान खाली घातली.

"फिरला नव्हता," तो म्हणाला. "आदल्या दिवशी तुझी आई आली होती. म्हणाली, बाप त्याचा पोफळीवरनंच गेला, पोर तरी मला खाली पायजे."

आईला मी माफ केलं. वसंताला नाही. माझ्याच हातात विजेरी देऊन तो माझ्यादेखत खोटं बोलला. आणि मी तरी कुठला हरिश्चंद्र? आई होती तोवर तिच्यासाठी गप्प बसलो, नंतर सवयीने.

रघू आता दुसऱ्यांनी उतरवलेली सुपारी सोलतो. त्याच्या देव्हाऱ्याशेजारी वसंताचा फोटो आहे, रोज त्याला ताजं फूल असतं. "त्यानं व्हईल तेवढं केलं, दादा," म्हणतो. मी वसंतावर लिहितोय हे कळल्यापासून तो रोज विचारतो, कधी छापून येणार. सगळ्यांच्या आधी त्याला वाचायचंय.