दुर्पताबाईने पोतलेली भिंत

कोहमाऱ्याच्या अलीकडे, हायवेला लागून, सरकारी जागेवर एक टोली वसली आहे. गावातल्या घरांना बापजाद्यांचे कागद आहेत, टोलीतल्या घरांना नुसत्या भिंती. म्हणून निवडणूक आली की उमेदवार गावात हात जोडून फिरतात आणि टोलीत छाती काढून. मत दिलं तर जागेचा पट्टा मिळेल, एवढंच टोलीत सांगतात. नाही दिलं तर काय, ते न सांगताच कळतं.

दुर्पताबाई या टोलीतली. देवरीकडून नवऱ्याबरोबर आली, इथे मातीच्या भिंती उभ्या केल्या. नवरा गेल्यावर ढाब्यावर पोळ्या लाटून तिने लेकीला, दिव्याला, वाढवलं. बाई कोणाच्या अध्यात ना मध्यात. वेड एकच, घर लखलखीत हवं. पाहुणा यायचा म्हटलं की छुईची पांढरी माती भिजवायची आणि भिंती पोतून काढायच्या, मग घरात शिजवायला काही असो नसो.

यंदा सरपंचपदाला भुपेंद्र उभा होता. त्याच्या माणसांनी टोलीतल्या एकूण एक भिंतीवर त्याचं निवडणूक चिन्ह, कपबशी, रंगवलं. गावात त्यांनी घरमालकांना विचारलं होतं. इथे विचारायचं कोणाला? त्याच आठवड्यात दिव्याला बघायला पाहुणे येणार होते. दुर्पताबाईने पहाटे उठून दर्शनी भिंत पोतली. हात सवयीने चालत होता, कपबशी छुईखाली कधी गेली ते तिच्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते शेजारच्या दसरूच्या, आणि तो दार ओढून घरात गेला.

पाहुण्यांनी मुलगी पसंत केली. ते गेले आणि भुपेंद्र आला. रागावला नाही. पाणी मागून प्याला, भिंतीकडे बघत राहिला.

"छान दिसते पांढरी," तो म्हणाला. "रोडवरून बी दिसते."

कपबशी गेल्याचं दुर्पताबाईला आता कळलं. ती कपबशी काढणाऱ्या रंगाऱ्याकडे धावली, तर त्याला म्हणे आता हुकूम नाही. मग तिने स्वतःच गेरू कालवला. पण कपाचा कान लांबला, बशी तिरपी झाली. बाईने भुपेंद्रभाऊंची थट्टा मांडली, असं टोलीत बोललं जाऊ लागलं. दसरूची बायको विस्तव मागायला यायची, तीही येईनाशी झाली.

मतदानाला बाईने कपबशीचंच बटण दाबलं, अगदी जोर लावून. भुपेंद्र निवडून आला. पण टोलीच्या मशीनमधून विरोधकालाही थोडी मतं निघाली. कोणाची, देव जाणे. ज्यांची होती त्यांना तर बरंच झालं, बोट दाखवायला एक भिंत होती. माणसं इतकी भितात की शेजारणीला पुढे ढकलून आपण मागे दडतात, याची मला चीड येते. पण तिथे राहणाऱ्याला ती चीडही परवडत नाही.

दुर्पताबाई भुपेंद्रच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माजा मत तुमालेच पडला जी, भाऊ. लेकीची शपथ."

"मशीनमंदी कोन पायते, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "भिंत तं मी पायली."

पुढच्या आठवड्यात पट्ट्यांसाठी मोजणी आली. दसरूच्या अंगणात टेप पसरला. दसरूने टेपाचं टोक धरलं आणि मान वर केली नाही. मग मोजणारे दुर्पताबाईचं दार ओलांडून पलीकडच्या घराकडे गेले. रस्त्याच्या कडेला जेसीबी येऊन थांबला होता. आत दिव्याच्या लग्नासाठी छुई भिजत घातलेली होती.